पोटदुखी थांबली, पण हे नवीनच काय सुरू झालं? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण एंडोमेट्रिओसिसबद्दल बोललो होतो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्याजवळ, कुठेही, आणि पाळी आली की तेही सुजतं, रक्ताळतं, आणि बाई पोट धरून गडाबडा लोळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मूल होण्याच्या वयातल्या दर १० बायकांमागे साधारण एकीला हे असतं, जगात १९ कोटी बायका. लेख छापून आल्यावर पत्रं आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज बरेच आले, पण त्यात आजाराबद्दल फारसं कोणी विचारलंच नाही, बहुतेकींनी विचारलं ते औषधाबद्दल. गोळी घेतली, इंजेक्शन घेतलं, दुखणं कमी झालं, पण आता हे दुसरंच मागे लागलं, सांगायचं कोणाला, डॉक्टर तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला, एसटीत अर्धा दिवस जातो आणि तिथे गेल्यावर बोलायला दोन मिनिटं मिळतात. म्हणून हा सगळा अंक याच प्रश्नांना दिला. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, वय २७, लग्नाले चार वर्षं झाली, मूल नाही अजून. पाळीत एवढं दुखायचं का निंदायले गेली की वावराच्या बांधावरच झोपून जायची. शेवटी यवतमाळले दाखवलं, सोनोग्राफीत उजव्या बाजूले चॉकलेट सिस्ट (या आजाराची अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) निघाली, डॉक्टरनं डायनोजेस्ट नावाची हॉर्मोनची गोळी लिहून दिली, रोज एक. दोन महिने झाले. दुखणं कमी झालं हे खरं हाये पण रोज डाग लागते, कधी दोन थेंब, कधी पॅडच लावा लागते. डोकं दुखते, केस गळून राहिले, वजन दोन किलो वाढलं, अन् मले काही करावंसंच वाटत नाही, उगाच रडू येते. सासूबाई म्हणते तुही पाळी काही संपतच नाही, मग देवघरात अन् चुलीजवळ तुले कशी येऊ देऊ. मेडिकलवाला म्हणते ही गोळी गरम पडते, महिनाभर बंद कर. करू का बंद? अन् मले मूल होईन ना?

उत्तर : मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नकोस. गोळी गरम पडते असं काही नसतं. पण तुला जे होतंय ते खरं आहे, मनाचे खेळ नाहीत, आणि त्यातलं काहीही अंगावर काढायची गरज नाही.

सगळ्यात आधी रडू येण्याचं बोलू, कारण तू ते पत्रात जाता जाता लिहिलंयस आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मन उदास होणं, चिडचिड, झोप न लागणं, कशातच रस न वाटणं हे डायनोजेस्टच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांत मोडतं. म्हणजे तू कमजोर आहेस, नखरे करतेस किंवा मूल नाही म्हणून मनाला लावून घेतलंयस असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. आता बघायचं काय, तर हे गोळी सुरू झाल्यावर सुरू झालं की आधीपासून होतं, आणि दिवसेंदिवस वाढतंय का. रोजची कामं होत नसतील, जेवण जात नसेल, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याआधीच डॉक्टरकडे जायचं आणि हीच गोष्ट पहिल्यांदा सांगायची, बाकीचं नंतर. औषध बदलता येतं. डायनोजेस्ट ज्या जातीचं हॉर्मोन आहे त्या प्रोजेस्टिनच्या दुसऱ्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हॉर्मोनची कॉइल आहे, एक झेपलं नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. आणि जीव नकोसा झाला असा विचार एकदा जरी मनात आला तरी त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांग आणि १४४१६ वर फोन लाव. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता डागांचं. ही गोळी पिशवीचं अस्तर पातळ करते, आणि ते पातळ अस्तर नाजूक असतं, इथून तिथून तुटतं आणि थेंब थेंब जातं. पहिल्या तीन महिन्यांत हे सगळ्यात जास्त असतं, मग बहुतेकींचं कमी होत जातं, बऱ्याच जणींची तर पाळी पूर्णच थांबते. ती थांबली की मग दुसरी भीती सुरू होते, की घाण रक्त आत साचलं. साचत नाही गं, अस्तर वाढलंच नाही तर साचणार काय. तू इतकंच कर, गोळीची वेळ चुकवू नकोस. रोज एकाच वेळेला, घरात जे काम ठरल्या वेळी होतंच त्याला जोडून घे, संध्याकाळी गाय दोहतेस तर तेव्हा. राहून गेली तर आठवल्याबरोबर घे आणि पुढची नेहमीच्या वेळेला. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांच्या आत उलटी झाली किंवा जुलाब लागले तर अजून एक घ्यावी लागते. गोळ्या विसरल्या की डाग वाढतात, आणि बाई समजते गोळीच लागू पडत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करत जा. थेंब असेल तर एक ठिपका, पॅड लागलं तर फुली, पोट दुखलं तर खाली एक रेघ, रडू आलं तर गोल. डॉक्टरकडे जाताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ने. दोन मिनिटांत तू तोंडी सांगणार नाहीस एवढं तो फोटो सांगतो. मी स्वतः असा कागद समोर आला की पेशंटला जास्त वेळ देते, कारण काय विचारायचं ते मला दिसत असतं.

एक मात्र करू नकोस. महालक्ष्म्या बसायच्या वेळी पाळी पुढे ढकलायला बायका मेडिकलमधून ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी आणतात ना, ती डाग थांबवायला म्हणून वरून घेऊ नकोस. ती पण याच जातीची गोळी आहे, दोन्ही मिळून काय घ्यायचं आणि किती दिवस हे डॉक्टरनेच ठरवायचं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, गाठी पडताहेत, चक्कर येतेय, तर मात्र थांबायचं नाही, सरळ दवाखाना. आणि एवढे दिवस थेंब थेंब जातंय तर हिमोग्लोबिन तपासून घे, उपकेंद्रात पण होतं. केस गळणं गोळीने होऊ शकतं, पण रक्त कमी असेल किंवा थायरॉइड असेल तरी गळतात, म्हणून तेही एकदा तपासायला सांग. डोकेदुखीला जेवण वेळेवर, पाणी, आणि लागली तर पॅरासिटामॉल, पण डोळ्यांपुढे चमकून मग एका बाजूचं डोकं दुखत असेल किंवा हात-पाय बधिर होत असेल तर लगेच सांगायचं. दोन किलोबद्दल मी तुला फार काळजी करायला सांगणार नाही. या गोळीने थोडं वजन काही जणींचं वाढतं. तेच पुढे वाढतच राहिलं तर बघू.

सासूबाईंचं. माझं मत विचारशील तर खऱ्या पाळीत सुद्धा बाईला चुलीपासून दूर बसवायचं काही कारण नाही, रक्तात विटाळ नसतो. पण तुला त्या घरात राहायचंय, रोज भांडण करून आजार बरा होत नाही हे मला कळतं. म्हणून असं कर, पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाच सोबत ने. नवऱ्याला नाही, त्यांना. डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे की ही पाळी नाही, औषधाने लागणारे डाग आहेत. घरातली मोठी बाई एकदा समजली की ती बाकीच्या सगळ्यांना गप्प करते, हे मी पुष्कळदा बघितलंय.

आणि मूल. यावर मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. गोळीने मूल होण्याची ताकद जात नाही, बंद केल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत पाळी परत सुरू होते. पण गोळी चालू असेपर्यंत बहुतेक वेळा अंडं बाहेरच पडत नाही, म्हणजे मूल राहणार नाही, आणि ही गोळी घेतल्याने पुढे मूल राहायची शक्यता वाढते असंही नाही. ती दुखण्यासाठी आहे. (आणि उलटं पण सांगते, ज्यांना मूल नकोय त्यांनी हिच्यावर भरवसा ठेवू नये, ही गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते, निरोध किंवा कॉपर-टी वेगळी लागते.) तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल हवंय, हे तू डॉक्टरला सांगितलंस का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. सांगितलं नसेल तर लगेच सांग, कारण मग सगळं गणितच बदलतं, सिस्टचं काय करायचं, गोळी किती दिवस, नळ्यांची तपासणी, आणि तुझ्या नवऱ्याच्या वीर्याची तपासणी, ती पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे, सोपी आणि स्वस्त असते, तरी आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं आणि सावंगीचं हॉस्पिटल आहे, यवतमाळ-नागपूरला मेडिकल कॉलेज आहे, तिथे आजार आणि मुलाचं, दोन्ही एकाच ठिकाणी बघून होतं.

प्रश्न : मॅडम, मी चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितेय, वय ४१, दोन मुलं. मार्चपासून दर महिन्याला ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेते. पहिल्या इंजेक्शननंतर तर पोट जास्तच दुखलं, मग थांबलं, पाळी पण थांबली. पण आता अंगातून वाफा निघतात, रात्री पांघरूण ओलं होतं, गुडघे धरलेत, झोप नाही. त्यात आमच्या इकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी सोबत एक हॉर्मोनची गोळी दिली होती, पण जाऊबाई म्हणाल्या हॉर्मोन बंद करायला इंजेक्शन घेतेस आणि वरून हॉर्मोनचीच गोळी खातेस, म्हणून मी ती सोडली. सगळे म्हणतात एकदाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.

उत्तर : तुमच्या जाऊबाईंचा प्रश्न चुकीचा नाही, डॉक्टरने नीट समजावून सांगितलं नाही की असंच वाटतं. पण ती गोळी परत सुरू करायची आहे, आजच फोन करून विचारा.

हे इंजेक्शन मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूमच बंद करतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत उलट हॉर्मोन थोडं वर उसळतं, म्हणून तेव्हा दुखणं वाढलं, ते अपेक्षितच होतं, तुम्हाला कोणी आधी सांगायला हवं होतं. नंतर इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बाईचं हॉर्मोन, इतकं खाली जातं की शरीराला वाटतं पाळी कायमची गेली, आणि मग पाळी जाताना जे जे होतं ते सगळं एकदम होतं : वाफा, घाम, झोप उडणं, सांधे दुखणं, खालची जागा कोरडी पडणं. आणि जे दिसत नाही ते म्हणजे हाडं विरळ होणं. ती सोबतची छोटी गोळी याचसाठी असते. रॉबर्ट बार्बिएरी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलं होतं की हाडांना जेवढं इस्ट्रोजेन पुरतं तेवढ्यावर हा आजार पोसला जात नाही, आजाराला जास्त लागतं. म्हणजे पऱ्हाटी जगेल एवढंच पाणी द्यायचं, तण फोफावेल एवढं नाही. म्हणून त्या गोळीने इंजेक्शनचा फायदा जात नाही, त्रास मात्र कमी होतो. नुसतं इंजेक्शन सहसा सहा महिन्यांच्या पुढे देत नाहीत ते हाडांमुळेच, सोबत गोळी असेल तर गरज पडल्यास वर्षभरापर्यंत नेतात. एखाद्या बाईला हॉर्मोनची गोळी चालतच नसेल तर वाफांसाठी हॉर्मोन नसलेली औषधं पण आहेत, तेही विचारता येतं.

मे महिन्याचं तर खरंच आहे, चंद्रपूरचं ऊन आणि वरून आतली आग. एक फरक मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. औषधाची वाफ छातीपासून तोंडाकडे चढते, घाम फुटतो आणि काही मिनिटांत उतरते, ताप चढत नाही. अंग तापलेलं राहिलं, उलट्या झाल्या, बोलणं असंबद्ध झालं, तर ते ऊन लागलंय, इंजेक्शनचं आहे म्हणून झोपवून ठेवायचं नाही, अंगावर पाणी टाकायचं, वारा घालायचा, आणि १०८ ला फोन. बाकी मग सुती लुगडं, सुती चादर आणि तिच्यावर एक टॉवेल टाकून झोपा म्हणजे रात्री ओला झाला की फक्त टॉवेल बदलायचा, सगळी गादी नाही. उशाशी तांब्याभर पाणी आणि ओला दुपट्टा. संध्याकाळनंतरचा चहा आणि रात्रीचं जास्त तिखट थोडे दिवस सोडून बघा, काही जणींना त्याने वाफा वाढतात, काहींना काही फरक पडत नाही, तुम्हाला पडतो का ते तुम्हालाच कळेल. वावरातलं काम सकाळी ऊन चढायच्या आत. खर्रा खात असाल तर तो सोडा, हे मी रागावून नाही सांगत, आपल्या भागात कितीतरी बायका लपून खातात आणि डॉक्टरला सांगत नाहीत, पण तंबाखू हाडांना वाईट आणि इंजेक्शन पण हाडांचंच नुकसान करतंय, दोन्ही बाजूंनी कशाला.

हाडांसाठी दिवसाला साधारण १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम पोटात जायला हवं. एक मोठा ग्लास दूध किंवा तेवढं दही यातून साधारण २५० ते ३०० मिळतं. तिळाची चटणी रोज दोन चमचे, शेवग्याच्या पानांची भाजी, ताक, आणि कमी पडतं तिथे गोळी. दवाखान्यातून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सोबत देतात तेव्हा बायका दोन्ही एकदमच गिळून टाकतात, असं करू नका, एक सकाळी एक रात्री, नाहीतर लोह नीट लागत नाही. लोहाच्या गोळीवर चहा पण नको. गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका, रोज चालणं हाडांना लागतंच, डोक्यावरचं ओझं मात्र थोडे दिवस दुसऱ्याला द्या.

पिशवी काढायचं. एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेर असतो हे आपण वरच बघितलं, तर नुसती पिशवी काढून बाहेरचं जागच्या जागी राहिलं तर दुखणं राहू शकतं. आणि अंडाशय पण काढले तर आत्ता जे वाफांचं चाललंय ते औषध थांबवून थांबणार नाही, पाळी कायमचीच गेलेली असेल. काही बायकांना ऑपरेशन लागतं, मी नाही म्हणत नाही, पण ते आजार पूर्ण साफ करणाऱ्या सर्जनकडून आणि बाकीचं सगळं करून झाल्यावर. शेजारी-पाजारी म्हणतात म्हणून नाही. इंजेक्शनचा त्रास हा इंजेक्शन थांबलं की जातो, शेवटच्या महिन्याच्या डोसनंतर दोन-तीन महिन्यांत पाळी परत येते.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, बारावीला आहे, आम्ही गोंदिया जिल्ह्यातले. पाळीत उलट्या होऊन कॉलेज बुडायचं, डॉक्टरांनी कुटुंब नियोजनाच्या २१ गोळ्यांचं पाकीट दिलं. तिला सकाळी मळमळतं. आणि लग्नाआधी अशा गोळ्या, कोणाला कळलं तर? पुढे मूलबाळ होण्यात अडचण येईल का? तिच्याकडे सिकलसेलचं कार्ड पण आहे, ते दाखवायचं राहून गेलं.

उत्तर : बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी ते कार्ड काढा आणि बघा त्यावर एसएस लिहिलंय की एएस. एसएस असेल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिला स्वतःला असेल, तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरला फोन करा. या पाकिटात दोन हॉर्मोन असतात, त्यातलं इस्ट्रोजेन रक्ताची गुठळी व्हायची शक्यता थोडी वाढवतं, आणि सिकलसेलच्या पेशंटला ती शक्यता मुळातच जास्त असते. अशा मुलींना इस्ट्रोजेन नसलेलं, नुसतं प्रोजेस्टिनचं औषध बरं पडतं. एएस म्हणजे नुसती वाहक असेल तर सहसा एवढी अडचण नसते, तरी डॉक्टरला माहीत पाहिजे. आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी ही कार्डं आहेत, कपाटात ठेवलेली असतात आणि दवाखान्यात जाताना आधार कार्ड तेवढं सोबत जातं. दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. तिला डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखायचा त्रास असेल, किंवा बीपी असेल, तर तेही सांगायचं. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली, छातीत दुखलं, दम लागला, एकदम दिसेनासं झालं, तर १०८.

मळमळीसाठी गोळी सकाळी उपाशी पोटी देऊ नका, रात्री जेवण झाल्यावर द्या, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. दोन-तीन महिन्यांत बहुतेकींची थांबतेच. या गोळ्यांनी पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. आणि औषध बदलून डायनोजेस्ट दिलं तर एक माहिती असू द्या, १८ वर्षांखालच्या मुलींवर झालेल्या अभ्यासात १२ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी १.२ टक्के कमी झाली होती आणि गोळी थांबल्यावर त्यातलं बरंचसं भरून आलं. म्हणजे घाबरून सोडायचं नाही, पण या वयात हाडं बनत असतात, दूध-दही-तीळ आणि खेळणं चालू ठेवायचं.

लोकांना कळलं तर, याला मी काय सांगू. पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा मुलगी पाळीच्या चार दिवसांत परीक्षेला बसू शकते हे तुमच्या डोळ्यांसमोर आहे. गोळ्या त्या डब्यातून काढून दुसऱ्या डबीत ठेवल्या तरी चालेल, मात्र गोळ्यांची पट्टी तीच असू द्या म्हणजे वाराप्रमाणे कळेल. तिला स्वतःला मात्र हे औषध कशाचं आहे ते खरं खरं सांगा, तिच्यापासून लपवू नका.

प्रश्न : वाशिमहून लिहून राहिली. आमच्या आशाताई म्हणते दर महिन्याच्या गोळ्यांपेक्षा अंतरा इंजेक्शन घे, फुकट हाये. चालते का?

उत्तर : चालतं, पण विचार करून. अंतरा म्हणजे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं प्रोजेस्टिनचं इंजेक्शन, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळतं, मुळात गर्भनिरोधक म्हणून, पण या दुखण्यावर पण उपयोग होतो. महाग गोळ्या परवडत नसतील तर चांगला मार्ग आहे. पण एकदा टोचलं की काढून घेता येत नाही, डाग लागले, वजन वाढलं, मन खाली गेलं तरी तीन महिने थांबावं लागतं, आणि बंद केल्यावर मूल राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल तर नको. आधी उदासीचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरशी बोला. आणि ज्यांनी तुमचा आजार ओळखला त्यांना विचारूनच बदला, आशाताईंनी सांगितलं ते चांगल्या मनानेच.

प्रश्न : अकोला जिल्हा. मला टीबी निघाला, सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला, आणि एंडोमेट्रिओसिसची डायनोजेस्ट आधीपासून चालू आहे. पोट परत दुखायला लागलं. टीबीच्या गोळ्यांमुळे का?

उत्तर : हो, असू शकतं. टीबीच्या कोर्समध्ये रिफॅम्पिसिन असतं, ते लिव्हरला कामाला लावतं आणि डायनोजेस्ट शरीरातून भराभर बाहेर टाकलं जातं, एका अभ्यासात रक्तातलं प्रमाण ८३ टक्क्यांनी खाली आलं होतं. म्हणजे तुम्ही गोळी रोज खाताय पण पोटापर्यंत तिचा असर पोचतच नाही. टीबीची गोळी एकही दिवस सोडायची नाही, हे आधी. मग स्त्रीरोगतज्ज्ञाला टीबीचं कार्ड दाखवा, या काळात पिशवीतली हॉर्मोनची कॉइल किंवा वर सांगितलेलं अंतरा इंजेक्शन असे मार्ग आहेत ज्यांच्यावर रिफॅम्पिसिनचा असा परिणाम होत नाही. कोर्स संपल्यावर पण त्याचा असर काही आठवडे राहतो, लगेच जुन्या गोळीवर येऊ नका. फिट्सच्या काही गोळ्यांचं पण असंच असतं, ज्यांना चालू असतील त्यांनीही सांगायचं.

प्रश्न : मी पुरुष आहे, वर्धा जिल्हा. बायकोला इंजेक्शन चालू आहे. तिला जवळ येणं नको वाटतं, दुखतं म्हणते. मी काही बोललो तर रडते. मी काय करायला पाहिजे?

उत्तर : तुम्ही विचारलंत हेच पुष्कळ आहे, दादा. या महिन्याच्या सगळ्या पत्रांत नवऱ्याचं एवढंच पत्र आहे.

तिला नको वाटतं ते तुम्ही नको आहात म्हणून नाही. वर चंद्रपूरच्या ताईंना चालू आहे तसं इंजेक्शन असेल तर इस्ट्रोजेन खाली जातं, मग ती जागा कोरडी आणि पातळ पडते, दुखतंच, आणि इच्छा पण औषधानेच कमी होते. आजाराने आधीपासून आत दुखत असेल तर शरीर दुखण्याच्या धाकानेच आकसून घेतं. मेडिकलमध्ये पाण्याचं वंगण मिळतं, जेली म्हणून मागा, लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्या. खोबरेल तेल वापरत असाल आणि सोबत निरोध असेल तर तेलाने निरोध फाटतो, म्हणून तेल नको. आणि काही महिने नुसतं जवळ बसणं, पाठ शेकून देणं, एवढंच ठेवलं तरी संसार मोडत नाही, तिला तसं तोंडाने सांगा, ती मनात घाबरलेली असेल की तुम्ही नाराज आहात. ती रडते ते पण औषधाच्या यादीत आहे, वर पहिल्या पत्राला जे लिहिलं ते वाचा, आणि पुढच्या तारखेला तिच्यासोबत आत जा, बाहेर बाकावर बसू नका. कोरडेपणाचं आणि दुखण्याचं ती डॉक्टरला सांगणार नाही, लाजेल, तर तिला विचारून तुम्ही सांगा. त्यावर इलाज आहे, चंद्रपूरच्या ताईंना सांगितली ती इंजेक्शनसोबतची छोटी गोळी तिला दिलीय का हे पण तेव्हाच विचारून घ्या.